स्पर्धेचं आर.सी. विमान: आकार कुठून येतो?

तुमच्यापैकी ज्यांनी बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये कधी सर्वो मोटर फिरवली असेल, त्यांना एक आकडा नक्की पाठ असेल: १.५ मिलिसेकंद. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणारी ती छोटी निळी सर्वो घ्या आणि तिला दीड मिलिसेकंदाचा पल्स द्या, ती मध्यावर थांबते. एक मिलिसेकंदाचा दिला की एका टोकाकडे जाते, दोनचा दिला की दुसऱ्या. आणि हा पल्स साधारण दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा. आपण हे लायब्ररी फंक्शनच्या भरवशावर करतो आणि पुढे जातो. पण हे आकडे आले कुठून? रोबोटिक्समधून नाही. ते आले रेडिओवर उडणाऱ्या हौशी विमानांकडून, ज्यांच्यात कसरतींच्या स्पर्धेची विमानं आघाडीवर होती.

आज मला त्या विमानांबद्दल लिहायचंय. विषय जरा आडवाटेचा आहे, मान्य. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी तो कामाचा आहे, कारण ‘तंत्रज्ञान सुधारलं म्हणून वस्तू बदलली’ हे जे वाक्य आपण थिसिसच्या पहिल्या प्रकरणात डोळे झाकून टाकतो, ते इथे तपासून बघता येतं. आणि तपासलं की ते अर्धवट ठरतं.

आधी स्पर्धा काय असते ते थोडक्यात. एफएआय ही हवाई खेळांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या नियमांत रेडिओवर चालणाऱ्या कसरतीच्या विमानांचा वर्ग आहे, त्याचं नाव एफ३ए. पायलट जमिनीवर उभा, विमान समोर साधारण दीडशे मीटरवर. लूप, रोल, उलटं उडणं, स्पिन, सरळ वर चढणं हे सगळं ठरलेल्या क्रमानं करायचं. परीक्षक मागे बसून प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण देतात आणि त्या गुणांना कसरतीच्या अवघडपणाच्या आकड्यानं गुणतात. वर्तुळ गोल दिसलं का, रेघ सरळ दिसली का, एवढंच बघायचं. मोजपट्टी नाही, रडार नाही, फक्त डोळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कॅलामझू गावातून करू. विल्यम आणि वॉल्टर गुड हे जुळे भाऊ. विल्यमला रेडिओचा नाद, वॉल्टरला विमानांचा. १९३७ साली त्यांनी ‘गफ’ नावाचं विमान उडवलं आणि १९३८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सुमारे आठ फूट पंखांचं हे धूड आज स्मिथसोनियनच्या वायू आणि अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पण त्या काळी कसरत वगैरे दूरच, विमान सांगितल्या दिशेला वळलं आणि परत आपल्याच मैदानात उतरलं की लोक टाळ्या वाजवत. त्यामुळे विमान असं बांधायचे की रेडिओ बंद पडला तरी ते स्वतःहून सरळ उडत राहील. पंख वर, पोट खाली, सगळं शांत आणि स्थिर. इथे रेडिओवरचा अविश्वास विमानाच्या आकारात उतरलेला दिसतो.

आता १९६० वर येऊ. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फला या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचे एड काझमिर्स्की ‘ओरायन’ नावाच्या स्वतःच्या आराखड्याच्या विमानावर जिंकले. त्यांचं पुढचं विमान ‘टॉरस’. दोन्ही आराखडे किट म्हणून विकले गेले आणि जगभरच्या हौशी लोकांनी बांधले. आज आराखडा बघितला तर साधंसुधं वाटतं: बाल्साचं लाकूड, पंख फ्यूजलाजच्या खालच्या बाजूला, नाकात ग्लो इंजिन. विशेष काय आहे त्यात? आराखड्यावर जे दिसत नाही तेच विशेष आहे, आणि ते म्हणजे रेडिओ.

त्या काळच्या चांगल्या रेडिओला ‘रीड’ सेट म्हणत. ही यंत्रणा मला फार आवडते, म्हणून जरा थांबतो. ट्रान्समीटर रेडिओ लहरीवर एक सूर चढवून पाठवायचा. रिसीव्हरमध्ये पोलादी पट्ट्यांची एक फणी असायची, प्रत्येक पट्टीची लांबी थोडी वेगळी. पेटी उघडून आतल्या पट्ट्या पाहिल्या असतील तर चित्र डोळ्यांसमोर येईल, फक्त इथे हवेऐवजी विद्युतचुंबक पट्टी हलवायचा. जो सूर आला, त्याच्याशी जुळणारी पट्टी थरथरायची, समोरच्या टोकाला टेकायची, सर्किट पूर्ण व्हायचं आणि सर्वोची मोटर फिरायची. बी.एस्सी.ला शिकलेला रेझोनन्स, शब्दशः कामाला लावलेला. दहा पट्ट्या म्हणजे दहा आज्ञा: एलेव्हेटर वर आणि खाली, एलेरॉन डावा आणि उजवा, रडर डावा आणि उजवा, इंजिन वाढव आणि कमी कर, आणि उरलेल्या दोन एलेव्हेटरच्या बारीक ट्रिमसाठी.

गंमत अशी की यात ‘थोडं’ नावाची आज्ञाच नाही. बटण दाबलं की एलेव्हेटर पूर्ण वर, सोडलं की मध्यावर परत. थोडंसं वर हवं असेल तर पायलट बटण टक-टक-टक असं मारत राहायचे. उत्तम रीड पायलटची बोटं टेलिग्राफ ऑपरेटरसारखी चालत.

मग विचार करा, अशा रेडिओवर गोल लूप काढायचा कसा? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. एलेव्हेटर एका जागी धरून ठेवला तर पंख साधारण ठरावीक कोनात हवा कापतो. म्हणजे लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वळणासाठी लागणारं बलही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्ग वर्गाला कापतो, आणि केवळ लिफ्टमुळे होणारी मार्गाची वक्रता कुठल्याही वेगाला तेवढीच राहते. नुसतं एवढंच असतं तर बटण दाबून धरा, आपोआप वर्तुळ तयार! पण गुरुत्वाकर्षण आहे. लूपच्या माथ्यावर ते वक्रतेत भर घालतं, तळाशी वजा करतं, आणि ही भर किती, तर जी भागिले वेगाचा वर्ग.

उदाहरणादाखल आकडे घालू. लिफ्टमुळे होणारं वळण २५ मीटर त्रिज्येचं आहे असं समजा, म्हणजे वक्रता ०.०४. वेग सेकंदाला ३० मीटर असेल तर गुरुत्वाकर्षणाचा हिस्सा येतो सुमारे ०.०११. माथ्यावर बेरीज ०.०५१, त्रिज्या जेमतेम २० मीटर. तळाशी वजाबाकी ०.०२९, त्रिज्या ३४ मीटर. हे वर्तुळ नाही, उलटा ठेवलेला लिंबू आहे. आता वेग ४० करा. हिस्सा ०.००६ वर उतरतो, त्रिज्या वर साधारण २२ आणि खाली साडेएकोणतीस. पुष्कळ गोल झालं. (माथ्यावर वेग कमी होतो हे मी इथे धरलेलं नाही. धरलं तर फरक आणखी वाढतो. करून बघा.)

म्हणजे ज्याच्या हातात ‘थोडं’ नाही, त्याच्यासाठी वेग हा गोलाई मिळवण्याचा स्वस्त मार्ग होता. शिवाय एलेव्हेटर किती अंश हलेल हे उडण्याआधी जमिनीवरच ठरवायचं. लूपला ते जास्त होता कामा नये, स्पिनला कमी पडता कामा नये. ही तडजोड पायलटच्या बोटात नव्हती, विमानाच्या वजनात, शेपटीच्या मापात आणि गुरुत्वमध्याच्या जागेत बांधलेली होती. १९६० चं विमान बघताना अर्धं विमान आणि अर्धा रेडिओ असं एकत्रच बघावं लागतं.

आता येतो आपला दीड मिलिसेकंद. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डॉन मॅथिस आणि डग स्प्रेंग यांनी ‘डिजिकॉन’ नावाची यंत्रणा तयार केली. प्रमाणबद्ध नियंत्रण, म्हणजे काठी जेवढी ढकलाल तेवढाच एलेव्हेटर हलेल, अशी कल्पना आधीही होती आणि तसे अॅनालॉग सेटही आले होते, पण तापमान बदललं की ते भरकटत. मॅथिस आणि स्प्रेंग यांनी माहिती पल्सच्या लांबीत घातली. प्रत्येक काठीसाठी एक पल्स, एकामागोमाग एक पाठवायचे. रिसीव्हर ते मोजून ज्याचा त्याला वाटून देतो. सर्वोच्या आत एक पोटेन्शिओमीटर असतो, तो आत्ता आपण कुठे आहोत हे सांगतो. त्यानुसार सर्वो स्वतःचा एक पल्स तयार करते, आलेल्या पल्सशी ताडून बघते आणि फरक शून्य होईपर्यंत मोटर फिरवते. तुमच्या टेबलावरची निळी सर्वो आजही हेच करते. हा आराखडा टिकला याचं कारण सोपं आहे: एकदा हजारो लोकांनी त्या मापाच्या सर्वो घेतल्या की नवीन सेट बनवणाऱ्यालाही तेच माप ठेवणं भाग पडतं.

१९६७ मध्ये कॉर्सिकाला जागतिक स्पर्धा झाली. जिंकले फिल क्राफ्ट, ‘क्विक-फ्लाय ३’ या विमानावर. क्राफ्ट हे स्वतः रेडिओ सेट बनवणारे, ‘क्राफ्ट सिस्टिम्स’चे संस्थापक. म्हणजे पायलट, विमानाचा आराखडाकार आणि उपकरण बनवणारा एकच माणूस. आपल्याकडे लॅबमध्ये उपकरण एकाचं, सॅम्पल दुसऱ्याचं आणि डेटा तिसऱ्याचा असतो. क्राफ्ट यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर होत्या, आणि मला वाटतं त्या काळात वस्तू इतक्या झपाट्यानं बदलण्यामागे हे एक मोठं कारण होतं.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. रेडिओ सुधारला, कसरती सुधारल्या. आता खरा प्रश्न. अंगठ्याखाली ‘थोडं’ आलं, तर लूप गोल करण्यासाठी वेगाची गरज संपली ना? माथ्यावर एलेव्हेटर जरा सैल सोडला की झालं. मग विमानं हळू व्हायला हवी होती. झालं नेमकं उलटं. सत्तरच्या दशकात विमानं आणखी वेगवान झाली. १० सी.सी.ची टू-स्ट्रोक इंजिनं, त्यांना ट्यून्ड पाइप, आत मिटणारी चाकं, बारीक निमुळतं अंग, मागे झुकलेले पंख. १९७७ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला ऑस्ट्रियाचे हान्नो प्रेट्नर ज्या ‘कुरारे’वर जिंकले, ते या घराण्याचं सगळ्यात देखणं अपत्य. इंग्रजीत या शैलीला ‘बॅलिस्टिक’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

का? तर नियम तसे होते. तेव्हा कसरती एकेक करून मध्यभागी करायच्या. एक झाली की विमान लांब जाऊन वळून परत यायचं, त्या वळण्याला गुण नाहीत. म्हणजे जागा अमर्याद. इंजिनाचा आकार १० सी.सी.ला बांधलेला, त्यामुळे त्याच इंजिनातून जास्तीत जास्त ताकद काढायची, आणि ती छोट्या पंख्याला प्रचंड वेगानं फिरवूनच निघते. वेगवान विमान वाऱ्यात कमी हलतं, लांबून रेघ सरळ दिसते. डोळ्यांनी गुण देणाऱ्या परीक्षकाला ते आवडणारच.

बदल झाला ऐंशीच्या दशकात, आणि तो नियमांनी घडवला. ‘टर्नअराउंड’ पद्धत आली: आता दोन्ही टोकांची वळणं हीसुद्धा कसरती, त्यांनाही गुण, आणि सगळं एका चौकटीत. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ६० अंश, याच्या बाहेर गेलात की गुण कापले. गोळीसारखं विमान त्या चौकटीत मावेना. दुसरीकडे आवाजावर बंधनं आली, कारण मैदानांशेजारी राहणारी माणसं वैतागली होती. फोर-स्ट्रोक इंजिनांना २० सी.सी.पर्यंत मुभा मिळाली आणि पुढे आकाराची मर्यादाच गेली. आता मोठा पंखा सावकाश फिरवायचा, वर चढताना आणि खाली येताना वेग सारखा ठेवायचा. विमानं मोठी, हलकी, पोटानं फुगीर झाली. आत मिटणारी चाकं जाऊन पुन्हा बाहेर लटकणारी स्थिर चाकं आली.

चाकांकडे नीट बघा. फक्त फोटो समोर असतील, तर चाकं आत मिटणारं विमान नंतरचं आणि चाकं लटकणारं आधीचं, असंच कोणीही लावेल. कालक्रम साफ उलटा. स्थिर चाकं वजनाला हलकी, बिघडायला काही नाही, आणि हवेचा थोडा जास्तीचा अडथळा उतरताना वेग आवरायला उपयोगीच. अडथळा हा सत्तर साली शत्रू होता, नव्वद साली नोकरीला लागला. हळू आणि सारख्या वेगानं उडवण्याची क्षमता १९६७ मध्ये हातात होती, पण ती विमानाच्या आकारात उतरायला जवळपास वीस वर्षं लागली. क्षमता आली की वस्तू आपोआप बदलत नाही. जे मोजलं जातं ते बदलावं लागतं. तुमच्या विषयात यासारखी वीस वर्षांची फट कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा तिथेच चांगला संशोधनप्रश्न दडलेला असतो.

आजचं विमान बांधायला घेतलं तर हे सगळं हाताला लागतं. मर्यादा अशा: लांबी दोन मीटर, पंख दोन मीटर, वजन पाच किलो. इंधनावरचं विमान इंधनाशिवाय तोलतात, पण विजेवरचं बॅटरीसकट. बॅटरीची मर्यादा ४२.५६ व्होल्ट, म्हणजे लिथियम पॉलिमरच्या दहा सेल पूर्ण भरल्यावर ४२ होतात, त्यात जेमतेम बसणारी. ती बॅटरी एकटी सव्वा किलोच्या आसपास. उरलेल्या पावणेचार किलोत मोटर, सर्वो, चाकं, दोन मीटरचे पंख आणि रंग. म्हणून बांधणाऱ्यांच्या टेबलावर वजनकाटा कायम असतो. फोमचा गाभा तापलेल्या तारेनं कापायचा, त्यावर पातळ बाल्सा चिकटवायचा, जोडाला कार्बनची नळी, आणि प्रत्येक टप्प्याला तोलायचं. रंगाचा एक जास्तीचा हात म्हणजे दुसरीकडून तेवढेच ग्रॅम काढणं.

आकारातला सगळ्यात रोचक भाग दुसऱ्याच एका नियमातून येतो. विमानावर जायरो किंवा आपोआप दुरुस्ती करणारी यंत्रणा चालत नाही. सर्वोच्या आत फीडबॅक आहे, जमिनीवरच्या माणसाच्या डोळ्यांत आणि अंगठ्यांत फीडबॅक आहे, मधल्या जागेत मनाई. मग अडचण अशी होते: विमान एका पंखावर आडवं करून उडवायचं असेल (याला नाइफ-एज म्हणतात) तर रडर द्यावा लागतो, आणि रडर दिला की विमान आपल्या मनानं पोटाकडे किंवा पाठीकडेही वळायला लागतं. जायरो असता तर सेकंदाच्या शंभराव्या भागात दुरुस्त झालं असतं. नाही म्हणून ते आकारानंच मारावं लागतं. उंच, चपट्या बाजूंचं फ्यूजलाज यासाठी, म्हणजे आडवं असताना अंगच पंखाचं काम करतं. कॅनपीवर बसवलेला चिमुकला जास्तीचा पंख यासाठी. काही जण तर एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे लावतात, म्हणजे पंख्याची पिळवटणारी हवा शेपटीला ढकलत नाही. जे उरतं ते ट्रान्समीटरमध्ये आधीच घालून ठेवलेल्या मिश्रणानं झाकायचं, कारण त्यात फीडबॅक नाही म्हणून ते चालतं. नियमातलं एक वाक्य काढून टाका, आणि यातलं निम्मं अंग अनावश्यक होईल.

आता शेवटचा मुद्दा, पुराव्याचा. ओरायन, टॉरस यांच्यासारखी जुनी विमानं मूळ आराखड्यावरून पुन्हा बांधून उडवणारे हौशी लोक आजही आहेत, पण आत आजचा रेडिओ घालून. ती सुंदर उडतात आणि लोक म्हणतात, बघा, १९६० चं विमान किती चांगलं होतं. हा निष्कर्ष मला पटत नाही. त्या उड्डाणातून काझमिर्स्कींच्या विमानाबद्दल कळतं ते फार थोडं, कारण ज्या अडचणीला ते विमान उत्तर होतं ती अडचणच काढून टाकलेली आहे. जुनं उपकरण काढून नव्यानं मोजलेला डेटा जुन्या निष्कर्षाशी सरळ ताडता येत नाही, हे आपण लॅबमध्ये जाणतोच की.

पण याची चाचणी घेता येईल, आणि फार खर्चही नाही. आजच्या ट्रान्समीटरमध्ये काठीऐवजी स्प्रिंगच्या स्विचवर एलेव्हेटर टाकता येतो: दाबला की पूर्ण, सोडला की मध्य. म्हणजे रीडचं सोंग. तेच विमान, एकदा स्विचवर आणि एकदा काठीवर. आत छोटा नोंदक ठेवायचा, वेग आणि उंची लिहून घेणारा. दोन-तीन वेगांना प्रत्येकी वीसेक लूप, आणि माथ्याच्या त्रिज्येला तळाच्या त्रिज्येनं भागून येणारा आकडा. वरच्या गणितानुसार स्विचवर तो ३० च्या वेगाला ०.५८ च्या आसपास आणि ४० ला ०.७४ च्या आसपास यायला हवा, खरं तर त्याहून थोडा कमीच. काठीवर तो पायलटच्या हातावर अवलंबून राहील, म्हणून पायलट किमान दोन घ्या आणि कोणता वेग कधी उडवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेलं कोणी तुमच्या कॉलेजात असेल तर त्याला गाठा. मैदानाच्या आणि उड्डाणाच्या परवानग्या मात्र विमान बांधायला घेण्याआधीच बघून घ्या.